माझी पायरी

नातवंडांनो, तुमच्या बाबांनी घराचा नवा नकाशा पाठवला आहे. त्यात पायऱ्या काढून जोतं रस्त्याच्या पातळीवर आणलंय. गाडी थेट आत येईल, माझे गुडघेही वाचतील. हेतू चांगला आहे. तरी मी सही केलेली नाही. का, ते तुम्हाला माहीत असायला हवं.

मी सात वर्षांची होते. आई पाटलांचा ओटा आणि त्याच्या तीन पायऱ्या शेणाने सारवायची. एकदा वाळलेल्या वरच्या पायरीवर मी बसले. पाटलीण बाहेर आली.

"ए पोरी, ऊठ! आपली पायरी ओळखून राहा लागते."

आईने मला ओढून उठवलं. मला वाटलं, प्रत्येकाची एक पायरी ठरलेली असते. दुसऱ्या दिवशी मी शहाण्यासारखी सर्वांत खालच्या पायरीवर बसले. विचारलं, "माही हेच ना?"

ओट्यावरचे सगळे हसले.

"हुशार हाय व तुही पोरगी," पाटलीण आईला म्हणाली. "पन तुमची पायरी अजून खाली. मातीत."

ती पायरी आईला पुन्हा सारवायला लावली. आईचे हात चालत होते. तिच्या पोरीचं बूड चालत नव्हतं.

मी शिकले. इंग्रजीची शिक्षिका झाले. त्याच गावात घर बांधायला काढलं. तेलुगू मिस्त्रीने विचारलं, "टीचरम्मा, मेट्लू किती? पायऱ्या?"

"चार."

जोतं वर येऊ लागलं तसा पाटलिणीचा मुलगा आला.

"बाई, लय उंच होऊन राह्यलं. आमच्याहून उंच काऊन पायजे? दोन पायऱ्या कमी करा. उगाच गावाचं बोलनं कायले घेता?"

मिस्त्रीचा हात थांबला. वाळूच्या ढिगाजवळ बसलेल्या आईने माझा पदर घट्ट धरला.

"तुमच्या तीन हायेत," मी म्हणाले. "माह्या मायनं सारवल्या, मनून मले मोजता येतात. इथं चारच होतील."

मी मिस्त्रीला म्हणाले, "चालू द्या."

थापी पुन्हा वाजली. आईने पदर सोडला.

कोण कुठे उभं राहील, हे भिंतींच्या आधी जोतं ठरवतं. नकाशा काढणाऱ्याला ते ठाऊक नाही. तुम्हाला आता आहे. गुडघ्यांसाठी कठडा लावा, बाजूने उतार करा. जोतं खाली येणार नाही. माझी सही मिळणार नाही. माझ्यामागे तुमची मागतील, तेव्हा आधी पायऱ्या मोजा.

आज चारही शाबूत आहेत. चौथीवर बसून हे लिहिते आहे.