धारेच्या वेळेचं कुत्रं

आमच्या घरापासून गोठा हाकेच्या अंतरावर आहे. दिवसा मी ते अंतर कितीदा तुडवते याची गणतीच नाही, आणि तेव्हा ते अंतर आहे हेही ध्यानात येत नाही. पहाटे चारला मात्र एका हातात बादली आणि दुसऱ्या हातात बॅटरी घेऊन दारात उभं राहिलं की तीच वाट लांबते. डावीकडे ऊस, उजवीकडे ऊस आणि गोठ्याच्या मागेही ऊसच. कोल्हारच्या पुढे, प्रवरेच्या अंगाला आमची वस्ती आहे. इकडे पाणी आहे म्हणून ऊस आहे, आणि ऊस आहे म्हणून वाघ आहे. पेपरात त्याला बिबट्या म्हणतात. आम्ही वाघच म्हणतो, आणि अंधार असला की तेवढंही म्हणत नाही. नुसतं 'जनावर' म्हणतो.

आमचं आधीचं कुत्रं त्याने अंगणातून नेलं, तेही याच वेळेला. मी आत केस बांधत होते. बाहेर येऊन पाहिलं तर साखळी पडलेली आणि कुत्रं नाही. त्यानंतर काही दिवस मी मोबाईलवर मोठ्याने भजनं लावून गोठ्यात जात होते. माझा देवावर विश्वास बेताचाच, पण आवाजाची सोबत वाटायची. माझे मालक साखर कारखान्यावर रात्रपाळीचे वॉचमन, ते उजाडल्यावर येणार. मुलं बाहेरगावी. दूध घेणारी गाडी फाट्यावर सहाला येते आणि कोणासाठी थांबत नाही. गाई तर त्याहून वक्तशीर. वेळ टळली की तांबडी गाय हंबरून वस्ती डोक्यावर घेते, आणि तिच्या सडाला माझ्याशिवाय दुसऱ्याचा हात चालत नाही. म्हणजे मला जावं लागणार होतं, आणि एकटीने जायचं मला भय वाटत होतं. एवढीच गोष्ट होती.

दिवाळी झाल्यावर शेजारच्या मळ्यातले माझे चुलत दीर पोत्यात घालून एक पिल्लू घेऊन आले. काळं, कपाळावर पांढरा ठिपका, पोट टम्म.

"वैनी, हे धरा," ते म्हणाले. "वस्तीला कुत्रं पायजेच. जनावर आलंच तर आदी त्याच्याकडं बघतंय, मग मानसाकडं."

असं बोलायला त्यांना काही वाटलं नाही. खरं सांगायचं तर ऐकताना मलाही वाटलं नाही. पिल्लाचं नाव मात्र मी ठेवलं नाही. आधीच्याचं ठेवलं होतं, ते तोंडातून जायला फार दिवस लागले.

पहिले काही दिवस त्याने माझा जीव काढला. भलत्याच वेळी उठून दार खरवडायचं, आणि मी उठायच्या वेळेला चुलीपाशी ढाराढूर झोपायचं. त्याला काखेत मारून गोठ्यात न्यावं तर तिथे गेल्यावर जागं व्हायचं आणि गाईंच्या शेपट्यांवर भुंकत सुटायचं. धारेच्या वेळी कुत्रं भुंकलं की गाय पान्हा चोरते. तांबडी तर निमित्तच शोधत असते. तिने दोनदा बादली लाथाडली आणि एकदा मला. मी पिल्लाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

मग दिरांनी सांगितलं तसं केलं. इकडे सगळेच करतात. धार काढताना पिल्लू खांबाला बांधायचं. भुंकलं की त्याच्या समोर चप्पल जमिनीवर आपटायची. गप्प बसलं की करवंटीत दुधाची पहिली धार द्यायची. पिल्लू हुशार निघालं. थंडी पडेपर्यंत त्याला सगळं समजलं होतं. मी कूस बदलली की ते कान हलवायचं, मी उठले की अंग ताणायचं, मी डोक्याला स्कार्फ बांधला की दारात जाऊन उभं राहायचं. बाहेर पडल्यावर बॅटरीच्या उजेडात माझ्या एक पाऊल पुढे चालायचं. गोठ्यात चकार शब्द नाही. मालकांनी लोहाराकडून त्याच्यासाठी खिळ्यांचा पट्टा करून आणला; जनावर मान धरतं, म्हणून इकडे असे पट्टे घालतात. पिल्लाची मान बारीक, पट्टा ढिला, तो सारखा गोल फिरायचा. तरी ते तोऱ्यात चालायचं. मी भजनं बंद केली.

त्या दिवसांत आजूबाजूला ऊसतोड चालू झाली. रोज एकेक रान मोकळं व्हायचं. कारखान्याच्या यादीत आमची उसाची लागण उशिराची, त्यामुळे आमची तोड मागे होती. दिरांचा ऊस गेला, ओढ्याकडचा गेला, वरच्या अंगाचा गेला. लांबचा रस्ता घरातून दिसायला लागला. सगळ्यांना मोकळं वाटत होतं आणि माझं उलट होत होतं. कारण इतक्या रानांत जे काही राहत होतं, त्याला आता लपायला आमचाच ऊस उरला होता. मी हे मालकांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "लई इचार करती तू." विचार मी करते, कारण जायचं मला असतं.

पिल्लू हौदापाशी थांबायला लागलं, ते त्याच सुमाराला. हौद अर्ध्या वाटेवर आहे. तिथे आलं की ते पाय रोवायचं आणि उसाकडे बघायचं. गुरगुरणं नाही, भुंकणं नाही. नुसतं बघायचं. मी बॅटरी मारली तर पाचट आणि काळोख. जरा वेळाने ते आपणहून पुढे चालायचं. एकदा हौदाजवळच्या ओल्या मातीत मला पंजा दिसला. मी त्यावर पायाने माती ओढली, कारण अजून धार काढायची होती आणि मला माझे हात शांत हवे होते.

आणि मग एका पहाटे पिल्लू उंबऱ्याबाहेर आलंच नाही.

स्कार्फ बांधला तेव्हा उठलं होतं. दारापर्यंत आलंही होतं. मी कडी काढली, दार उघडलं, एक पाय बाहेर टाकला आणि ते माझ्या दुसऱ्या पायावर आडवं पसरलं. कान मागे, पोट जमिनीला. मी म्हटलं, "चल की." हललं नाही. तिकडे तांबडी हंबरत होती. माझं डोकं सटकलं. थंडी, उशीर, आणि वर या दीड वितीच्या प्राण्याचे नखरे. मी पट्ट्याला धरून ओढलं, तर खिळा तळहातात गेला. तेव्हा खाली बॅटरी मारली. ते थरथरत होतं आणि त्याच्याखाली फरशी ओली झाली होती. तोंड उघडं होतं, पण आवाज नव्हता.

मी पाय आत घेतला आणि दार लावलं.

गोठ्यात साखळ्या वाजल्या. मग काहीतरी जोरात आपटलं. मग तांबडी अशी हंबरली की तसं मी कधी ऐकलं नव्हतं, आणि पुन्हा ऐकायचं नाही. मी पिल्लाला मांडीत घेऊन दाराला पाठ लावून बसले आणि दिरांना फोन केला. ते ट्रॅक्टरचे दिवे लावून फटाके वाजवत आले. तांबडीचं वासरू जागेवर नव्हतं. दावं तुटलेलं होतं, आणि ओढल्याची खूण सरळ आमच्या उसात गेली होती.

उजाडल्यावर मालक आले. सगळं बघितलं, हातपाय धुतले आणि पिल्लाकडे बोट करून म्हणाले, "हे भुंकलं आसतं तर ते पळालं आसतं. न भुंकनारं कुत्रं काय चाटायचं हाय?"

"तुमाला रातभर जागायचा पगार मिळतो," मी म्हणाले. "त्याला कुठं मिळतो? आन ते आडवं पडलं नसतं तर मी तिथं आसते."

दीर मधे पडले. म्हणाले, "वैनी, बाजारात सोडून देतो. दुसरं देतो तुमाला, चांगलं कडक." मी त्यांना चहा दिला आणि पिल्लाला आत नेलं.

वनखात्याची माणसं पिंजरा लावून गेली. त्यात आठवडाभर एक कोंबडी बसून होती, बाकी कोणी फिरकलं नाही. तांबडीने पान्हा तोडला. पूर्वी मेलेल्या वासराच्या कातड्यात भुसा भरून ते गाईपुढे ठेवायचे, म्हणजे ती चाटायची आणि दूध द्यायची. आमच्याकडे भरायला काही राहिलंच नव्हतं.

मालकांचं बोलणं मला लागलं होतं हे खरं आहे. म्हणून मी पिल्लाला भुंकायला शिकवायचं ठरवलं. हौदापाशी उभी राहून मीच उसाकडे तोंड करून भुंकायचे. पिल्लू माझ्याकडे अशा नजरेने बघायचं की माझी मलाच लाज वाटावी. शेजारच्या मळ्यातल्या जावेने एकदा ऐकलं आणि विचारलं, "बाई, बरी हायेस ना?" करवंटीभर दूध दाखवलं, भाकरी दाखवली. ते गप्पच. हौदापाशी थांबायचं, बघायचं आणि माझ्या पायाला चिकटून पुढे चालायचं.

शेवटी आमची तोड आली. टोळीने दोन दिवसांत रान साफ केलं. मधोमध ऊस आडवा झालेली एक जागा सापडली, बसून बसून गुळगुळीत झालेली. तिथून आमचं दार दिसत होतं. मी त्या जागी उभी राहून बघितलं. दार, उंबरा, हौद, गोठा, सगळं दिसत होतं.

दुसऱ्या पहाटे मी बाहेर पडले तर सगळीकडे मोकळं, लांबवर दिवे. पिल्लू हौदापाशी थांबलं आणि भुंकलं. आधी चिरका आवाज, मग चांगला भरदार. मोकळ्या रानाकडे तोंड करून ते भुंकतच राहिलं. मला हसू आलं आणि रडूही आलं. सुट्टीच्या दिवशी मालकांनी ऐकलं तेव्हा म्हणाले, "आता कशाला बोंबलतंय? तितं काय बी न्हाई."

तेच तर. तिथे काही नव्हतं, म्हणूनच ते भुंकत होतं. आता त्याचं कुत्रं झालं आहे, पट्टा मानेला बसतो. तोडीनंतर रोज पहाटे ते हौदापाशी उभं राहून भुंकायचं, तांबडीलाही त्याची सवय झाली, आणि तो आवाज ऐकत मी निर्धास्त चालायचे.

आम्ही खोडवा ठेवला आहे, म्हणजे तोडलेल्या बुडख्यांतूनच पुन्हा ऊस फुटतो. पाणी भरपूर, त्यामुळे फूट चांगली आहे. ऊस आता माझ्या कमरेच्या वर गेला आहे.

परवापासून ते भुंकत नाही.