वैरागला टाकलेली मेल
शेंगाचटणीचा डबा उघडला की सोलापुरातल्या टॉवेलच्या कारखान्यातलं ते तापलेलं ऑफिस आठवतं. परदेशी गिऱ्हाइकांना पाठवलेली प्रत्येक मेल परत येत होती, मालक येरझाऱ्या घालत होते, मी हातपाय गाळून बसलो होतो, आणि सर्व्हर सांभाळणाऱ्या आणि मला काम शिकवणाऱ्या मॅडम भाकरी-शेंगाचटणी खात शांतपणे लॉग, म्हणजे कुठली मेल का परत आली याची यादी, वाचत होत्या. "इंटरनेट कनेक्शन नवं घेतलं, पण सर्व्हरच्या नोंदीत पत्ता जुनाच राहिलाय की! म्हणून समोरचे आपली मेल घेत नाहीत." म्हणत त्यांनी तो बदलला आणि मेल जाते का बघायला वैरागला, गावी राहणाऱ्या आईच्या मोबाइलवर एक टाकली, 'जेवलीस का?' थोड्या वेळानं आईचा फोन आला. "व्हय गं, जेवले की. तू?" मॅडम हसून मालकांना म्हणाल्या, "पाठवा आता." त्यांच्या खुर्चीत आता मी बसतो, दुरुस्तीनंतरची पहिली मेल अजून वैरागलाच जाते, आणि त्यांची आई फोनवर, मेल मिळाली हे सांगायच्या आधी, मलाच विचारते, "तू जेवलास का रं?"