जाड तारा आणि माझी आखडलेली बोटं

शोभा, मेरी, लता, आठवतं? मधल्या सुट्टीत आपण चौघी चॅपलच्या पायरीवर डबा खायचो आणि आत सिस्टर पियानो वाजवायच्या. मला त्यातले खालचे, भरदार सूरच आवडायचे.

इतक्या वर्षांनी आज हौस केली. चंद्रपूरला तसेच खालचे सूर देणारी बेस गिटार बघायला गेले. संधिवाताची ही बोटं जाड तारा दाबतील का, एवढीच धास्ती होती.

"कोणत्या नाटकासाठी पाह्यजे, बाई?" दुकानदाराने विचारलं.

"माझ्यासाठीच, भाऊ."

तरी झाडीपट्टीच्या नाटक मंडळ्यांना वाद्यं विकायच्या सवयीने त्यांनी अँप्लिफायरचा आवाज अख्ख्या मंडपाला पुरेल इतका मोठा केला. मी तार छेडली, तर कपाटातल्या ढोलक्यासुद्धा घुमल्या!

पण पहिल्या गिटारची तार काही दबेना. माझा चेहरा पाहून त्यांनी आखूड दांडीची दुसरी दिली. तार दबली, सूर स्वच्छ आला. माझे डोळे भरले.

"आता रडून काऊन राह्यल्या? लोक म्हणतील, म्या भाव जास्त लावला!"

गिटार, अँप्लिफायर घरी आलेत, म्हणून खोली रिकामी करतेय. शिलाई मशीन शोभाने न्यावी, काचेचा टी-सेट मेरीने, पुस्तकांचं कपाट लताने. मात्र न्यायला स्वतः यायचं. माझं वाजवणं ऐकल्याशिवाय कोणालाच काही मिळणार नाही.