बंद घड्याळाचा पंचनामा

ती घटना आठवली की आजही आधी स्वतःचाच राग येतो. निवृत्तीला वर्षभर उरलं होतं आणि नव्या तऱ्हेच्या गुन्ह्यांचा मला मनापासून कंटाळा आला होता. पूर्वी तांब्याची तार चोरीला जायची, ते समजायचं. आता चोरीला गेली होती दोन मनगटी घड्याळं, तीही अजून बाजारात न आलेली.

चितेगावजवळच्या एका कारखान्याचे मालक तक्रार घेऊन आले होते. टाकीत उतरून सफाई करणाऱ्या कामगारांसाठी ते घड्याळ बनवत होते. आत विषारी वायू किती आहे, त्याचा आकडा त्यावर दिसणार होता. दोन नमुने होते, फरक फक्त पडद्याचा. एक झगझगीत रंगीत, दुसरा राखाडी, फिका. दोन्ही गायब, आणि संशय कारखान्यातल्याच एका तरुण इंजिनिअर मुलीवर.

दोन दिवसांनी खबऱ्याचा फोन आला. "साहेब, पिशोरच्या बाजारात एक पोरगी लोकायला दोन घड्याळं दाखवायली. वहीत नावं लिहायली. गिऱ्हाईक धरायली वाटतं."

माझ्या हवालदाराने भर दुपारी तिला तिथंच गाठलं, दोन पंच उभे केले आणि जप्तीचा पंचनामा लिहिला.

चौकशी माझ्या खोलीत, महिला कॉन्स्टेबलसमोर. सकाळी बोलवायचं, सूर्यास्तापूर्वी सोडायचं. मुलगी गारखेड्याची. बाहेर बाकावर तिचे वडील बसून असत. त्यांची उमेदीची वर्षं टाक्या धुण्यात गेली होती, आता चार पावलांवर दम लागायचा.

"चोरी नाय केली साहेब," ती म्हणाली. "कोणता पडदा लोकांना दिसतो, ते बघायला नेली. मालक एसीत बसून पसंत करायले."

"मग परवानगी का नाही घेतली?"

"मागितली होती. नाय म्हणले. उद्या पडद्यांची ऑर्डर जायची आहे. तुम्ही फक्त दोन्ही घेऊन उन्हात चला. एक मिनिट."

मुद्देमाल खोलीबाहेर जाणार नाही, असं मी दरडावलं. संशयित बाहेर जायची गळ घालू लागला की पोलिसाच्या मनात एकच येतं, हा वेळ काढतोय. वहीतली नावं मी खरेदीदारांची धरली. नावांपुढे बरोबर-चूकच्या खुणा होत्या. त्यांचा अर्थ मी विचारला, तिने सांगितला, आणि मी तो कानाआड केला.

दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी अहवाल लिहायला पंचनामा उघडला. 'घड्याळ क्रमांक एक सुरू, क्रमांक दोन बंद.' टेबलावर तर क्रमांक दोन, म्हणजे रंगीत पडद्याचं, लखलखत होतं. हवालदाराला बोलावून झापलं.

"साहेब, बंदच व्हतं," तो म्हणाला. "म्या बघितलं, पंचांनी बघितलं. तिघं काय आंधळे हाव का?"

मी दोन्ही घड्याळं उचलली आणि अंगणात गेलो. उन्हात क्रमांक दोनमध्ये मला माझाच चेहरा दिसला, बाकी काही नाही. फिक्या घड्याळावरचा आकडा मात्र कागदावरच्या शाईसारखा स्पष्ट होता.

मालकांना आणि त्या मुलीला अंगणातच बोलावून घेतलं. त्यांनी उन्हाकडे पाठ केली, घड्याळावर तळहाताचा आडोसा धरला आणि म्हणाले, "हे बघा, दिसतंय की."

ती पहिल्यांदाच चिडली. "एका हातात शिडी, एका हातात दोर. झाकायला तिसरा हात कुठून आणायचा?"

मालकांनी घड्याळ खाली ठेवलं. रंगीत पडद्यांची ऑर्डर कालच गेली, म्हणाले, तक्रार मात्र मागे घेतो. मी दोन शब्द सुनावले, पण घड्याळाला कोणता पडदा लावावा हे कुठल्याच कलमात बसत नाही.

तिने माझ्याकडे बघितलं. "मैं तो परसोंइच बोली थी, साहब." एवढंच. वडील भिंतीला धरून उठले, "चल बेटा" म्हणाले, आणि दोघं गेली. त्या कारखान्यात ती परत गेली नाही, असं नंतर कळलं.

मी अहवालात लिहिलं, तक्रार गैरसमजुतीतून. कोणाच्या, तो रकाना फॉर्मात नसतो. उरलेल्या वर्षभरात कोणी काही दाखवतो म्हणालं की मी आधी उठून बघायला जायचो. पण माझ्या खोलीपासून अंगण दहा पावलांवर होतं, आणि तेवढं चालायला मी दोन दिवस लावले.

ती रंगीत पडद्याची घड्याळं आज कोणाकोणाच्या मनगटावर आहेत. भर दुपारी, दोन्ही हात गुंतलेला एखादा माणूस टाकीच्या तोंडाशी त्याकडे बघत असेल. माझ्या हवालदारासारखंच, घड्याळ बंद आहे असं समजून तो खाली उतरत असेल.