आबांच्या हातची गोळी
मी घरी बसून परदेशातल्या एका बँकेचा मेनफ्रेम सांभाळतो. सोलापुरात हे सांगितलं की लोक विचारतात, म्हणजे कम्प्युटर रिपेरी का? हो म्हणून टाकतो. कुणाकुणाला समजावत बसू?

त्या अजस्र मशीनमधलं काम योग्य प्रोसेसरकडे जातंय ना, हे मी बघतो. त्यात साधे प्रोसेसर असतात, आणि ठरावीक कामांसाठी राखलेले खास. खास काम आलं की डिस्पॅचर, म्हणजे कामं वाटणारा प्रोग्राम, ते खासकडे धाडतो. खास गुंतलेला असेल तर साध्याची मदत घ्यायची की नाही, हे आपण ठरवून द्यायचं. आमच्या बँकेनं ठरवलंय, नाही घ्यायची. मग साधे रिकामे बसले तरी काम खासची वाट बघत रांगेत थांबतं. पण खास प्रोसेसर बंदच झाला, तर सिस्टिमला ते कळतं आणि सगळं काम मुकाट साध्याकडे येतं.

आमच्या आईचं तसंच. बीपीची गोळी ती फक्त आबांच्या हातून घ्यायची. आबा, माझे वडील, मूळचे मेंढरंवाले. माळशिरसकडची मेंढरं विकून चिंचोळीला कारखान्यात लागले, तरी हात तोच राहिला. कोकराला दवा पाजावी तशी आईची हनुवटी उचलायचे, गोळी जिभेवर पार मागं ठेवायचे, वर पाणी, आणि गळ्यावरून बोट फिरवायचे. मी काय मेंढरू हाय व्हय, म्हणून ती खोटंखोटं चिडायची.

आबा गेले. आईचं विसरणं त्याआधीच सुरू झालं होतं. संध्याकाळी मी गोळी घेऊन गेलो की ती तोंड घट्ट मिटायची. मेंढरामागं गेल्यात, येतील की, म्हणायची. गोळी चुकली तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलेलं. मी विनवण्या केल्या, ओरडलो, एकदा तर तांब्या आपटला. शेवटी वैतागून बोलून गेलो, "आबा गेलं, आये. आता येत न्हाईत."

तिनं हंबरडा फोडला, आत्ताच कळल्यासारखा. मग पदरानं डोळे पुसून तळहात पुढे केला. "दे मग तूच."

सापडला उपाय. वा रे उपाय! रोज दिवेलागणीला बापाला मारायचं, आईला रडवायचं आणि गोळी द्यायची. सकाळी ती सगळं विसरून पुन्हा दाराकडे बघत बसणार. किती महिने केलं हे मी. मला माझीच शिसारी यायला लागली.

परवा ते शब्द तोंडातून निघेचनात. आई भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती. मी तिची हनुवटी उचलली, गोळी मागं ठेवली, पाणी पाजलं, गळ्यावरून बोट फिरवलं. गोळी उतरली. डोळे न उघडताच तिनं माझं मनगट घट्ट धरलं.

"कुटं हुतासा इतकं दिस? पोरगं रोज सांगतंय, तुमी मेलासा म्हणून."

"मेंढरामागं," मी म्हणालो.