तीनशे चाळीसचे कुलूप

सोल्नोक शहरातल्या शाळेत सेंदीबाई सत्तावीस वर्षे गणित शिकवत होत्या, आणि प्रत्येक नव्या वर्गाला पहिल्याच तासाला बजावत, की विधान खरे असले म्हणून त्याचा व्यत्यास खरा ठरत नाही. पाऊस पडला तर अंगण भिजते. पण अंगण भिजले म्हणजे पाऊसच पडला असे नव्हे, कोणी बादली उपडी केली असेल.

‘सुटकेची खोली’ हा खेळ त्यांनी वर्गात उशिराच आणला. उदाहरण सोडवायचे, आलेला आकडा पेटीच्या कुलपावर जुळवायचा, आत पुढचे उदाहरण. शेवटच्या पेटीत वर्गाच्या दाराची किल्ली. एरवी मान खाली घालून बसणारी मुले या तासाला बाकांवरून पुढे झुकत, आणि बाईंना त्याचा प्रामाणिक आनंद होता. म्हणूनच मार्चमध्ये त्यांच्या वरच्या श्रेणीसाठी परीक्षक तास बघायला आले, तेव्हा त्यांनी हाच खेळ निवडला.

शेवटचा प्रश्न होता: वीस बाजूंच्या बहुभुजाला कर्ण किती? दहावीच्या मुलांनी वीस गुणिले सतरा केले, निम्मे करायचे विसरले आणि कुलपावर तीनशे चाळीस लावले. कुलूप ढिम्म.

“बाई, कुलूप बिघडलंय,” बालिंट म्हणाला.

“कुलूप नाही, तुझं डोकं. दे इकडे,” सिदोनिया म्हणाली.

सिदोनियाचे वडील सायकली दुरुस्त करत. आकडे विसरलेल्या गिऱ्हाइकांची असली स्वस्त कुलपे ती लहानपणापासून हाताळत आली होती. तिने कडी ताणून धरली आणि एकेक चकती सावकाश फिरवली. एकशे सत्तरवर कुलूप उघडले. टाळ्या झाल्या. कागदावर तीनशे चाळीस तसेच होते. सेंदीबाईंनी ते पाहिले, आणि त्याआधी सिदोनियाची बोटेही पाहिली होती. परीक्षक त्यांच्याकडे बघत होते.

“शाबास, सिदोनिया,” बाई म्हणाल्या.

श्रेणी मिळाली. शिक्षकांच्या खोलीत उपमुख्याध्यापक ओडोन यांनी सेंदीबाईंपुढे पोगाचांचे, म्हणजे छोट्या खाऱ्या पावांचे, ताट केले. “अगं बोरी, श्रेणी मिळाल्यावर कुणी असं तोंड पाडतं का? घे, गरम आहेत.”

“पोरांचं उत्तर चुकलं होतं, ओडोन.”

“कुलूप उघडलं ना? मग झालं तर.”

व्यत्यास खरा धरण्याची जी चूक सत्तावीस वर्षे त्यांनी लाल शाईने खोडली, ती आता त्यांच्याच नावापुढे पदवीसारखी लागली होती. तरीही त्या गप्प राहिल्या. आधी परीक्षकांचा मान, मग शाळेचे नाव. गप्प राहायला कारण शोधू लागले की ते सापडतेच.

मे महिन्यात सिदोनिया वाढीव गणिताच्या तुकडीचा अर्ज घेऊन आली. शेवटची दोन वर्षे ती त्या तुकडीत बसणार होती, आणि जेमतेम पास होणारी ही मुलगी तिथे बुडणार, हे बाईंना स्वच्छ दिसत होते. अर्जावर त्यांची सही हवी होती. त्यांनी पेन उघडले आणि खाली ठेवले.

“त्या दिवशी तू कुलूप बोटांनी उघडलंस. उत्तर कोणालाच आलं नव्हतं.”

“हो.”

“मग हा अर्ज?”

“तुम्ही शाबास म्हणालात, बाई. बाबा म्हणतात, हे नुसतं हाताचं कसब आहे. पण तुम्हीच म्हणालात, तेव्हा मला वाटलं, हेही गणितच असेल.”

बाईंनी उघडे पेन पुन्हा बंद केले.

“त्या पाहुण्यांना सांगितलंत?”

“नाही.”

“म्हणजे फक्त माझंच चुकलं.”

तिने अर्जाची नीट घडी घातली आणि तो दप्तरात ठेवला. तिच्या आवाजात राग असता, तर बाईंना तो सोसला असता.

दुसऱ्या दिवशी बाईंनी परीक्षकांना पत्र लिहिले आणि धाडण्याआधी, मधल्या सुट्टीत, सिदोनियाला वाचायला दिले. विसरलेले निम्मे, ताणलेली कडी, श्रेणीचा फेरविचार करण्याची विनंती, सारे क्रमवार होते, एखाद्या सिद्धतेसारखे. मुलीने ते दोनदा वाचले.

“तुम्ही पाहिलं होतं, हे राहिलं, बाई.”

सेंदीबाईंनी पत्र परत घेतले. मुलगी समोर उभीच होती. त्यांनी कोरा कागद ओढला आणि तेच वाक्य सर्वांत आधी लिहिले.