वाळू, बर्फ, समुद्र आणि तावडे मास्तर

आम्ही तिघं भेटलो की दहा मिनिटांत कोणीतरी 'त्या ट्रिपला...' म्हणून सुरुवात करतोच. मग माझी बायको चहा टाकायच्या निमित्ताने उठते, कारण तिला सगळं पाठ आहे. लग्नघराच्या दारात चपला साठतात तसे हे किस्से साठलेत, कुठला कोणाचा तेच कळत नाही. दिलीपचा किस्सा जिग्नेश स्वतःच्या नावावर खपवतो आणि दिलीप भांडायला उठतो! ऐकणारे पोट धरून हसतात. आम्हीही हसतो. पण ती ट्रिप हसण्यासाठी काढलेली नव्हती, हे आधीच सांगून टाकतो.

तावडे मास्तर भायंदरच्या इंद्रलोकमध्ये ड्रायव्हिंग स्कूल चालवायचे. स्कूल म्हणजे एक जुनी पांढरी गाडी, तिच्या टपावर लाल 'एल'चा बोर्ड आणि डाव्या सीटसमोर मास्तरांसाठी जादा ब्रेक, जादा क्लच. बँकेतला दिलीप, स्टेशनरीवाला जिग्नेश आणि कुरियर ऑफिसातला मी, तिघंही त्यांच्याकडेच शिकलो आणि शिकून झाल्यावरही त्यांना चिकटून राहिलो. मास्तर आमच्याहून पंधरा वर्षांनी मोठे, पण दर रविवारी सकाळी जिग्नेशच्या दुकानात चहाला हजर.

दोन हजार सहाच्या जानेवारीत, अशाच एका रविवारी, त्यांनी बशीत चहा ओतता ओतता सांगितलं, "स्कूल बंद केलं."

काचबिंदू. नजरेच्या कडा आधीच गेल्या होत्या, मधलं तेवढं उरलं होतं. तेही किती दिवस, हे डॉक्टर सांगत नव्हते. वर्षभर मास्तर कोणाला बोलले नव्हते.

"रस्ते पाठ होते, निभावत होतो," ते म्हणाले. "परवा डावीकडून एक सायकलवाला आला, मला दिसलाच नाही. वाचला बिचारा. त्याच दिवशी शटर पाडलं."

जिग्नेशने त्यांच्या कपात आणखी चहा ओतला. मग त्यांनीच सांगितलं, "मला वाळवंट, बर्फ आणि समुद्र बघायचाय. दिसतंय तोवर."

"समुद्र?" दिलीप म्हणाला. "मास्तर, उत्तनला हजारदा गेला असाल!"

"गेलो रे. पण डोळे कायम आरशात. शिकणारा रिव्हर्स घेत असायचा."

फेब्रुवारीत आम्ही निघालो. भायंदर ते जैसलमेर, तिथून मनाली, मग खाली कच्छातलं मांडवी. कुठल्याही शहाण्या माणसाने असा रस्ता आखला नसता!

* * *

टपावरचा बोर्ड काढायचा राहिला. राहिला म्हणजे जिग्नेशनेच काढू दिला नाही. "असू दे ना, ट्रकवाले लांब राहतात." आणि खरंच राहायचे! अख्ख्या गुजरातभर आम्हाला कोणी हॉर्नसुद्धा दिला नाही.

राजस्थानात शिरल्यावर मात्र एका हवालदाराने गाडी बाजूला घेतली. त्याने नंबर प्लेट वाचली, बोर्ड वाचला, आत तीन पोट सुटलेली माणसं बघितली.

"बंबई से यहाँ तक सीखते-सीखते आये हो?"

मास्तरांनी खिडकीतून मान बाहेर काढली. "क्या करें साहब, तीनों बहुत स्लो हैं।"

हवालदार इतका हसला की त्याने कागदही बघितले नाहीत.

* * *

त्याच दिवशी दुपारची गोष्ट. दिलीप चालवत होता, मास्तर शेजारी. सरळ, मोकळा रस्ता. डावीकडच्या झुडपांतून एक उंट निघाला आणि सावकाश गाडीसमोर यायला लागला. दिलीपने कचकचून ब्रेक मारला. उंट थांबला, तो मास्तरांच्या खिडकीपासून हातभर अंतरावर.

एरवी मांजर आडवं गेलं तरी मास्तरांचा पाय आमच्या आधी ब्रेकवर पोचायचा. ते समोर बघत शांत बसले होते.

"का थांबवली?" त्यांनी विचारलं.

उंट रवंथ करत होता. शेवटी जिग्नेश म्हणाला, "मास्तर, एक नंबरला जायचंय."

झालं! तिघंही उतरलो आणि गाडीकडे पाठ करून एका रांगेत उभे राहिलो. एकालाही लागली नव्हती. दिलीप रडत होता, तोंड दाबून. पहिल्यांदाच आम्हाला कळलं की मास्तर सांगतात त्यापेक्षा बरंच जास्त गेलंय.

आतून मास्तरांचा आवाज आला, "तिघांना एकदम! याला म्हणतात माझ्या क्लासची शिस्त."

* * *

जैसलमेरच्या पुढे वाळूच्या टेकडीवर त्यांना हाताला धरून चढवलं. माथ्यावर त्यांनी हात सोडवून घेतला आणि एकटेच उभे राहिले. मान डावीकडून उजवीकडे इतकी हळू फिरवत होते की उंटवाला मला विचारायला आला, "बाऊजी की गर्दन में तकलीफ है क्या?"

एक तुकडा बघायचा, मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. चांगली पंधरा मिनिटं चाललं होतं.

मग ते आमच्याकडे वळले. "अरे, हे सगळं तुम्हाला एकदम दिसतं?"

हो म्हणायची मला लाज वाटली. जिग्नेश मात्र लगेच म्हणाला, "ना रे मास्तर, आपल्यालापण मान फिरवायला लागते. केवढं मोठं आहे बघा ना!"

जिग्नेशशी माझं शंभर वेळा भांडण झालंय, पुढेही होईल. पण त्या वाक्यासाठी त्याला सगळं माफ आहे.

* * *

रोज संध्याकाळी मास्तर पीसीओवरून वहिनींना फोन करायचे. बूथच्या काचेबाहेर आम्हाला ऐकू यायचं. "वाळू अशी, सोन्यासारखी... हो हो, अगदी लांबपर्यंत दिसत होती."

बठिंड्याला बोलणं झाल्यावर त्यांनी रिसिव्हर माझ्या हातात दिला आणि बाहेर गेले.

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "खरं सांगा. दिसतंय का हो त्यांना?"

मी म्हणालो, "हो वहिनी. छान दिसतंय."

मग त्या म्हणाल्या, "त्यांच्याच आवाजात बोलताय तुम्हीसुद्धा."

मी फोन ठेवला. खोटं बोलून पकडलो गेलो याचं दुःख नव्हतं. त्या बाईला खरं सांगणारं एकही माणूस मी ठेवलं नाही, ते मला अजून बोचतं.

* * *

मनालीच्या वरच्या चढावर दिलीपने गाडी बंद पाडली. मागे पाच-सहा जीपा, सगळ्यांचे हॉर्न, आणि डाव्या हाताला दरी. पुन्हा स्टार्ट, पुन्हा बंद. गाडी हातभर मागे सरकली तेव्हा जिग्नेशने मागच्या सीटवर मोठ्याने देवाचा धावा सुरू केला, गुजरातीत!

मास्तरांनी त्यांच्या बाजूचा ब्रेक दाबून धरला आणि डोळे मिटले. "डोंगरीच्या चढावर तुला हाफ क्लच कोणी शिकवला?"

"तुम्ही."

"मग? तोच चढ समज. हळू सोड. आवाज ऐक... अजून... आता थरथरतेय ना? दे ॲक्सिलरेटर."

मास्तरांनी ब्रेक सोडला, गाडी चढली. मागच्या जीपवाल्यांनी टाळ्या वाजवल्या.

"पण मास्तर, तुम्ही डोळे का मिटलेत?" दिलीपने घाम पुसत विचारलं.

"तुझ्या ड्रायव्हिंगला मी नेहमीच मिटतो."

थोडं वर गेल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फ लागला. ऊन मरणाचं चकाकत होतं. मास्तर उतरले, चार पावलं चालले आणि थांबले.

"सगळं पांढरं झालंय," ते म्हणाले. "बर्फ आहे, की माझंच काही झालं?"

दिलीपने खाली वाकून ओंजळभर बर्फ उचलला आणि त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो मुठीत दाबला, डोळ्यांजवळ नेऊन बघितला आणि मान हलवली. "बर्फच आहे," म्हणाले, आणि केवढे हसले.

* * *

मांडवीला पोचलो तेव्हा ट्रिपचा पंधरावा दिवस होता. सकाळी लवकर किनाऱ्यावर गेलो. ओहोटी होती, पाणी लांब गेलेलं. मास्तर पँट दुमडून गुडघाभर पाण्यात उभे राहिले. आम्ही वाळूत बसून होतो. वाटलं, आता तासभर तरी ते हलणार नाहीत.

पाच मिनिटांत परत आले.

"झालं?" मी विचारलं.

"झालं. मोठा आहे," ते म्हणाले. "आता उठा. तिघं एका रांगेत उभे राहा, उन्हाकडे तोंड करून."

आम्हाला वाटलं फोटो काढायचाय. जिग्नेशने केसांवरून हात फिरवला, दिलीपने पोट आत घेतलं. पण कॅमेरा गाडीत होता. मास्तर माझ्यासमोर येऊन उभे राहिले, अगदी जवळ, त्यांचा श्वास लागत होता. त्यांनी कपाळ काचेला लावल्यासारखं पुढे आणलं आणि माझ्याकडे बघायला लागले.

"दाढी किती दिवसांची?"

"चार."

"करून ये. मला तू कायमचा असाच दिसशील."

गावात सलूनवाला नुकतंच दुकान उघडत होता. आम्ही तिघंही बसलो, एकामागून एक. जिग्नेशने तर कलपही लावून घेतला, केसांचा कोंबडा काढून घेतला, वर पावडर! चाळिशीची तीन माणसं, सकाळी सकाळी नवरदेवासारखी तयार होऊन परत किनाऱ्यावर आली. मास्तर तिथेच उन्हात उभे होते.

त्यांनी आधी दिलीपला बघितलं. "चष्मा काढ," म्हणाले. मग घाल म्हणाले. मग जिग्नेश. त्याचे काळेभोर केस बघून म्हणाले, "हा कोण?" आणि आम्ही चौघंही हसलो. जिग्नेशला त्यांनी सगळ्यांत जास्त वेळ बघितलं. पावडरीवरून त्याच्या गालावर दोन ओघळ आले, पण तो हलला नाही.

मग माझी पाळी आली. कपाळ, भुवया, नाक, हनुवटीवरची लहानपणची खोक. ऊन वर चढत होतं. माझी मान दुखायला लागली, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि मला आणखी एक मिनिटही तसं उभं राहवेना.

"मास्तर," मी म्हणालो, "झालं का?"

"थांब रे," ते म्हणाले. "डावा कान राहिलाय."